धुळीच्या ध्रुवित उत्सर्जनावरून तारकाजनक मेघांतील चुंबकीय क्षेत्र: दिशा किती खात्रीची, तीव्रता किती खात्रीची?

प्रश्न: ययाति, सांगली

नमस्कार. मी सांगलीत भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी तारे जन्माला घालणाऱ्या आण्विक मेघांतील चुंबकीय क्षेत्र हा विषय घेतला आहे. आमच्या भागातील बहुतेक महाविद्यालयांप्रमाणे आमच्याकडेही मार्गदर्शक पातळ थर आणि घनस्थिती भौतिकी यांवर काम करणारे आहेत. ते मनापासून मदत करतात, परंतु खगोलभौतिकीतील बारकावे विचारण्यासाठी जवळपास कोणी नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

वाचनातून मला समजले ते असे. मेघातील वायूबरोबर वस्तुमानाने सुमारे एक शतांश धूळ असते. तिचे तापमान १० ते २० केल्विनच्या आसपास असल्यामुळे ती दूर अवरक्त आणि उपमिलिमीटर तरंगलांबींत प्रकाशते. हे उत्सर्जन काही टक्के ध्रुवित असते, म्हणजे त्यातील विद्युत्क्षेत्राचे कंपन एका दिशेला अधिक असते, आणि त्या ध्रुवणाच्या दिशेवरून आकाशाच्या प्रतलातील, म्हणजे दृष्टिरेषेला लंब, चुंबकीय क्षेत्राची दिशा काढता येते. इथपर्यंत ठीक आहे. पुढे मात्र मी तीन ठिकाणी अडतो.

पहिले म्हणजे, ताऱ्यांच्या दृश्य प्रकाशाचे ध्रुवण क्षेत्राला समांतर असते, तर त्याच धुळीच्या उत्सर्जनाचे ध्रुवण क्षेत्राला लंब असते, असे सगळीकडे लिहिलेले आहे. कण तेच आणि क्षेत्र तेच असताना हा ९० अंशांचा फरक का पडतो, हे मला पाठ आहे, पण पटलेले नाही.

दुसरे म्हणजे तीव्रता. हवाई बेटावरील मौना केआ येथील जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीच्या ‘बिस्ट्रो’ सर्वेक्षणात मृग नक्षत्रातील ओएमसी-१ या मेघाचे ८५० मायक्रोमीटरला ध्रुवण मोजण्यात आले आणि २०१७ मध्ये क्षेत्राची तीव्रता ६.६ मिलिगॉस, अधिक-उणे ४.७ मिलिगॉस, अशी दिली गेली. त्याआधी २००९ मध्ये याच मेघासाठी वेगळ्या विश्लेषणातून सुमारे ०.७६ मिलिगॉस असा आकडा आला होता. आमच्या प्रयोगशाळेत सत्तर टक्के त्रुटी असलेले वाचन वहीत लिहिले, तर प्रयोग पुन्हा करायला लावतात. येथे मात्र दोन आकड्यांत आठ-नऊ पटींचा फरक असूनही दोन्ही गंभीरपणे घेतले जातात. हे कसे समजून घ्यावे?

तिसरे, आणि माझ्या दृष्टीने मुख्य: मेघाला गुरुत्वामुळे कोसळण्यापासून हे क्षेत्र खरोखर रोखते का, हे अशा मोजमापांवरून सांगता येते का? आणि स्वतःची दुर्बीण नसताना यातील कोणते काम सांगलीत बसून प्रामाणिकपणे करता येईल, हेही सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर: ठोसेघर, सातारा

प्रश्न नेमके आहेत. पहिल्याचे उत्तर सविस्तर देतो. तीव्रतेविषयी माझे मत शेवटी थोडक्यात सांगेन, कारण त्यावर अधिक अधिकाराने बोलणारी मंडळी येथे आहेत.

९० अंशांचे कोडे सुटण्यासाठी आधी कण क्षेत्राशी कसा जुळतो ते पाहावे लागते. आंतरतारकीय धूळ म्हणजे प्रामुख्याने सिलिकेटचे आणि कार्बनचे, साधारण दशांश मायक्रोमीटर आकाराचे कण. ते गोल नसतात, ओबडधोबड असतात. अशा वेड्यावाकड्या कणावर ताऱ्यांचा प्रकाश पडला की डाव्या आणि उजव्या वर्तुळध्रुवित प्रकाशाचे त्यावर होणारे परिणाम सारखे राहत नाहीत. त्या फरकातून कणाला पीळ बसतो आणि तो वेगाने फिरू लागतो. कणाच्या आत ऊर्जेचा ऱ्हास होत गेल्याने तो हळूहळू आपल्या सर्वांत आखूड अक्षाभोवती फिरण्यात स्थिरावतो, कारण दिलेल्या कोनीय संवेगासाठी ती किमान ऊर्जेची स्थिती आहे. सिलिकेट पारचुंबकीय असल्यामुळे फिरत्या कणाला बार्नेट परिणामाने स्वतःचे चुंबकत्व येते, त्याचा परिवलन-अक्ष बाह्य क्षेत्राभोवती परांचन करू लागतो (भोवऱ्याच्या अक्षासारखा डोलत फिरतो), आणि विकिरणाच्या पिळामुळेच अखेर तो अक्ष क्षेत्राला समांतर येतो. डेव्हिस आणि ग्रीनस्टाइन यांनी १९५१ मध्ये केवळ चुंबकीय शिथिलीकरणावर आधारलेले स्पष्टीकरण दिले होते. आज विकिरणाचा पीळ हेच मुख्य कारण मानले जाते. क्षेत्र कणाला फिरवत नाही, फक्त कोणत्या अक्षाशी जुळायचे ते ठरवते, हा भेद लक्षात ठेवावा.

आता भूमिती. तुम्ही आमच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाहिल्या असतीलच. वारा ज्या दिशेने वाहतो, त्या दिशेला पात्यांचा अक्ष असतो आणि पाती वाऱ्याला लंब प्रतलात फिरतात. दुरून, वाऱ्याच्या आडव्या बाजूने पाहणाऱ्याला पात्यांचे चक्र कडेवर दिसते, म्हणजे एक उभी रेघ दिसते. ती रेघ वाऱ्याला लंब असते. वारा पश्चिमेकडून येतो की पूर्वेकडून, हे केवळ त्या रेघेवरून सांगता येत नाही. आणि वारा थेट पाहणाऱ्याच्या तोंडावर येत असेल, तर त्याला पूर्ण गोल चक्र दिसते आणि त्यात कोणतीच दिशा उठून दिसत नाही. धूलिकणांचे नेमके असेच आहे. कणांची लांब बाजू क्षेत्राला लंब राहते. क्षेत्र आकाशाच्या प्रतलात असेल तेव्हा ध्रुवण सर्वाधिक मिळते, क्षेत्र दृष्टिरेषेत असेल तर ध्रुवण जवळजवळ नाहीसे होते, आणि क्षेत्राची रेषा कळली तरी तिच्यावर बाणाचे टोक कोणत्या बाजूला काढायचे ते कधीच कळत नाही. म्हणूनच जाणकार लोक ध्रुवण-नकाशावरील खुणांना सदिश म्हणणे टाळतात. दृष्टांत इथेच थांबतो, कारण चक्की वाऱ्याने फिरते. कण क्षेत्राने फिरत नाही, हे वर सांगितलेच आहे.

लांब बाजू कोणत्या दिशेला आहे हे कळले की ९० अंशांचा उलगडा किर्खॉफच्या नियमात आहे. जो कण ज्या दिशेच्या विद्युत्क्षेत्राचे शोषण अधिक करतो, तो त्याच दिशेच्या विद्युत्क्षेत्राचे उत्सर्जनही अधिक करतो. लांब बाजूच्या दिशेने शोषण अधिक होते. मेघाच्या मागच्या ताऱ्याचा प्रकाश धुळीतून येताना लांब बाजूच्या दिशेचा घटक जास्त कापला जातो, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात त्याला लंब, म्हणजे क्षेत्राला समांतर, घटक शिल्लक राहतो. उलट धूळ स्वतः प्रकाशते तेव्हा लांब बाजूच्या दिशेचा, म्हणजे क्षेत्राला लंब, घटक अधिक असतो. एकात आपण उरलेले मोजतो आणि दुसऱ्यात निघालेले मोजतो. तुमच्या प्रयोगशाळेत ३ सेंटिमीटरचा मायक्रोवेव्ह बेंच बहुधा असेल. शिंगाकृती अँटेनांच्या मध्ये समांतर तारांची चौकट धरून ती फिरवून पाहा. तारा विद्युत्क्षेत्राला समांतर असताना पलीकडचे वाचन कोसळते आणि लंब असताना ते जवळजवळ पूर्ण मिळते. चौकटीत शोषणापेक्षा परावर्तन अधिक असते, हे मान्य; पण आरपार काय उरते ते हाताने फिरवून पाहिले की मुद्दा पाठांतराचा राहत नाही.

एक व्यावहारिक सूचना. प्रकाशित शोधनिबंधांतील पुष्कळ नकाशांत उपमिलिमीटर ध्रुवणाच्या खुणा आधीच ९० अंशांनी फिरवून क्षेत्राच्या दिशेने काढलेल्या असतात. आकृतीखालचा मजकूर वाचल्याशिवाय स्वतः फिरवू नये, अन्यथा फिरवलेले पुन्हा फिरते.

या विषयाच्या इतिहासात आपल्या देशाशी नाते सांगणारा एक धागा आहे, तो प्रकल्पाच्या प्रस्तावनेत शोभेल. चंद्रशेखर यांनी १९४६ मध्ये असे भाकीत केले होते की उष्ण ताऱ्यांच्या वातावरणात इलेक्ट्रॉनांवरून होणाऱ्या प्रकीर्णनामुळे ताऱ्याच्या कडेचा प्रकाश ध्रुवित असावा. तो परिणाम ग्रहणकारी जोडताऱ्यांत शोधताना हिल्टनर आणि हॉल यांना १९४९ मध्ये ध्रुवण सापडले खरे, परंतु ते ग्रहणाबरोबर बदलत नव्हते. ते ताऱ्याचे नव्हतेच, वाटेतल्या धुळीचे होते. पुढे १९५३ मध्ये त्याच चंद्रशेखर यांनी फर्मी यांच्यासह, त्या ध्रुवणाच्या दिशांमधील विखुरणीवरून आपल्या आकाशगंगेच्या सर्पिल भुजेतील क्षेत्राचा अंदाज केला. तो सुमारे ७ मायक्रोगॉस होता. आपल्या पायाखालचे पृथ्वीचे क्षेत्र गॉसच्या चार-दहांशांच्या घरातले आहे. त्याच्या तुलनेत ७ मायक्रोगॉस म्हणजे साठ हजारांश भागापेक्षा फार मोठे नव्हे, आणि तरीही आजच्या स्वीकृत मूल्यांच्या ते जवळ आहे.

तीव्रतेविषयी माझे मत स्पष्ट सांगतो. पदव्युत्तर प्रकल्पात दिशा आणि रचना यांवर काम करावे. मिलिगॉसच्या आकड्याच्या मागे लागू नये.

उत्तर: कऱ्हाडकर, सध्या बंगळुरू

ठोसेघर सरांनी भूमिती इतकी स्वच्छ मांडली आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही. त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मात्र मी आदरपूर्वक असहमत आहे. तीव्रता काढावी, अवश्य काढावी. मात्र एक आकडा म्हणून नव्हे, तर कोणत्या गृहीतकाने तो किती हलतो हे दाखवण्यासाठी काढावी. शिकण्यासारखे सर्वांत जास्त तिथेच आहे.

चंद्रशेखर-फर्मी पद्धतीतला विचार साधा आहे. क्षेत्ररेषांना ताण असतो. मेघातील प्रक्षोभ, म्हणजे वायूची अनियमित खळबळ, त्यांना हलवतो. क्षेत्र बलवान असेल तर तेवढ्याच प्रक्षोभाने रेषा कमी वाकतात, दुबळे असेल तर जास्त वाकतात. वायूचा वेग वर्णपटातील रेषेच्या रुंदीवरून मिळतो, वाकण्याचे प्रमाण ध्रुवणाच्या कोनांच्या विखुरणीवरून मिळते, आणि जडत्वासाठी घनता लागते. नेहमीच्या एककांत मांडलेले सूत्र असे: आकाशप्रतलातील क्षेत्र मायक्रोगॉसमध्ये बरोबर ९.३ गुणिले घनसेंटिमीटरमागील हायड्रोजन-रेणूंच्या संख्येचे वर्गमूळ, गुणिले रेषेची अर्धोच्च रुंदी किलोमीटर प्रतिसेकंदात, भागिले कोनांचे प्रमाण विचलन अंशांत. ९.३ या संख्येत ०.५ हा दुरुस्ती-गुणांक आधीच समाविष्ट आहे. संगणकीय प्रतिरूपांच्या आधारे तो २००१ मध्ये सुचवला गेला, आणि कोनांचे विचलन सुमारे २५ अंशांपेक्षा कमी असेल तेव्हाच तो वापरावा असे मानले जाते.

एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेला गाभा, म्हणजे मेघातील दाट गाठ, घेऊ. घनता घनसेंटिमीटरमागे १ लाख रेणू, रुंदी अर्धा किलोमीटर प्रतिसेकंद, विचलन १५ अंश. उत्तर सुमारे ९८ मायक्रोगॉस येते. आता यातील प्रत्येक घटकाकडे संशयाने पाहा.

घनता थेट मोजता येत नाही. धुळीच्या तेजस्वितेवरून दृष्टिरेषेतील एकूण स्तंभ-घनता मिळते आणि तिला मेघाच्या जाडीने भागावे लागते. ती जाडी आपण आकाशातील रुंदीइतकीच धरतो, कारण दुसरा इलाज नसतो. घनता चौपट चुकली तर क्षेत्र दुप्पट चुकते, म्हणजे वर्गमूळ आपल्याला बरेच वाचवते. रेषा कोणत्या रेणूची घेतली यानेही फरक पडतो. थंड आणि दाट गाभ्यात कार्बन मोनॉक्साइड कणांवर गोठून बसतो, त्यामुळे त्याची रेषा बाहेरच्या विरळ वायूचा वेग सांगते, तर धूळ आतल्या भागाचे ध्रुवण सांगत असते. अशा ठिकाणी अमोनिया किंवा डायअझेनिलियम (N₂H⁺ आयन) यांची रेषा अधिक योग्य.

कोनांच्या विचलनात सर्वांत जास्त फसगत होते. मेघातील क्षेत्र मोठ्या प्रमाणावर वळलेले असेल, तर तो वळसा गुरुत्वामुळे आलेला असू शकतो, प्रक्षोभामुळे नव्हे. तो वजा न करता सगळ्या कोनांचे विचलन काढले तर क्षेत्र कमी भरते. मोजमापाची त्रुटीही विचलन वाढवते, म्हणून ती वर्गांच्या वजाबाकीने काढून टाकावी लागते. उलट दुर्बिणीच्या एका शलाकेत (तिला सुटा दिसणाऱ्या आकाशाच्या सर्वांत लहान ठिपक्यात) आणि दृष्टिरेषेच्या खोलीत प्रक्षोभाचे अनेक भोवरे एकत्र मिसळले, तर त्यांची सरासरी होऊन रेषा असतात त्यापेक्षा सरळ दिसतात आणि क्षेत्र फुगते. ओएमसी-१ च्या ज्या दोन आकड्यांनी तुम्हाला बुचकळ्यात टाकले, त्यांच्यातला फरक मुख्यतः येथून येतो. २००९ च्या विश्लेषणात अंतरानुसार कोनांतला फरक कसा वाढतो ते पाहून शलाकेतील आणि खोलीतील या सरासरीची दुरुस्ती केलेली होती. २०१७ च्या निबंधात मोठ्या रचनेचा वळसा वेगळा काढण्यावर भर होता. शिवाय मोजलेली तरंगलांबी, शलाका आणि धरलेली घनता वेगळी होती. या दोन संख्या म्हणजे एकाच प्रयोगाची दोन वाचने नव्हेत, दोन वेगळ्या गृहीतक-संचांची उत्तरे आहेत. माझा स्वतःचा कल दुरुस्ती केलेल्या, म्हणजे लहान आकड्याकडे आहे. २०२१ मध्ये स्कालिडिस आणि टॅसिस यांनी सूत्राच्या मुळातल्याच गृहीतकाला हात घातला. वायूची संपीड्यता धरली तर विखुरणीवर असलेले अवलंबन बदलते आणि तीव्रता बहुधा कमी येते, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावर वाद चालू आहे.

पडताळणीसाठी झीमन परिणाम, म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे वर्णरेषा फुटणे, आहे. अणुरूप हायड्रोजन, हायड्रॉक्सिल आणि सायनोजेन यांच्या रेषांतून तो दृष्टिरेषेतील घटक थेट देतो. मात्र मोजायला अतिशय अवघड असल्याने मोजमापे थोडी आहेत. त्यांच्या २०१० मधील सांख्यिकीय अभ्यासातून असे दिसले की घनसेंटिमीटरमागे सुमारे ३०० हायड्रोजन-केंद्रकांपर्यंत क्षेत्राची कमाल मर्यादा १० मायक्रोगॉसच्या आसपास स्थिर राहते आणि त्यापुढे ती घनतेच्या ०.६५ व्या घाताने वाढते. आपल्या काल्पनिक गाभ्यासाठी ही मर्यादा सुमारे ७०० मायक्रोगॉस येते. ९८ तिच्या बरेच आत बसतात, म्हणजे उत्तर निदान अशक्य नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. गुरुत्व आणि क्षेत्र यांच्या तुलनेसाठी वस्तुमान आणि चुंबकीय अभिवाह यांचे गुणोत्तर, त्याच्या क्रांतिक मूल्याच्या पटीत, काढतात. त्यासाठी चौरस सेंटिमीटरमागील रेणूंची स्तंभ-घनता ७.६ गुणिले १० चा उणे २१ वा घात या संख्येने गुणून मायक्रोगॉसमधील क्षेत्राने भागायची. स्तंभ-घनता २ गुणिले १० चा २२ वा घात धरली तर आपल्या गाभ्यासाठी उत्तर १.५ च्या थोडे वर येते. एकापेक्षा जास्त म्हणजे क्षेत्र एकटे गाभ्याला सावरू शकत नाही. पण आपण क्षेत्राचा केवळ आकाशप्रतलातील घटक वापरला आहे आणि गाभा चपटा असेल तर स्तंभ-घनताही तिरकस पाहण्यामुळे वाढलेली असते. या प्रक्षेपणाची सरासरी दुरुस्ती केली की तेच उत्तर एकाच्या खाली सरकते. म्हणून एका गाभ्याच्या एका आकड्यावरून निवाडा करता येत नाही. प्रकल्पात हेच गणित वेगवेगळी घनता आणि विचलन घेऊन मांडा आणि उत्तराचा पट्टा आलेखात दाखवा.

निवाडा आकड्याऐवजी आकृतीवरून मात्र बराच होतो, आणि येथे मी पुन्हा ठोसेघर सरांच्या बाजूला येतो. प्लँक उपग्रहाच्या ३५३ गिगाहर्ट्झच्या नकाशांतून जवळचे दहा आण्विक मेघ तपासले गेले. त्यांत विरळ भागातील तंतू, म्हणजे मेघातील लांबट धागेदार रचना, क्षेत्राला साधारण समांतर, तर दाट भागातील तंतू क्षेत्राला लंब आढळतात. हा बदल चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ५ गुणिले १० चा २१ वा घात इतक्या हायड्रोजन-केंद्रकांजवळ होतो. क्षेत्र दुबळे असते आणि प्रक्षोभ त्याला हवे तसे ढवळत असता, तर असा नियमित बदल इतक्या मेघांत दिसला नसता. आतल्या पातळीवर, ययाति तारकासमूहातील एनजीसी १३३३ या प्रदेशातील आयआरएएस ४ए या बालताऱ्याभोवती, सबमिलिमीटर अ‍ॅरे वापरून २००६ मध्ये डमरूच्या आकाराचे क्षेत्र स्पष्ट दिसले. वायू आत कोसळताना रेषांना कमरेत ओढून नेतो, पण त्या तुटून विस्कटत नाहीत. क्षेत्र गुरुत्वाला अडवते की नाही यापेक्षा, ते कोणत्या दिशेने कोसळू देते आणि कुठे उशीर लावते, असा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते.

ययाति, सांगली

सर, दोघांचेही मनापासून आभार. मायक्रोवेव्ह बेंच आमच्याकडे आहे. तारांची चौकट कार्यशाळेतून करून घेतो. एक उपप्रश्न आहे. अनेक नकाशांत मेघाच्या मध्यभागी, जेथे धूळ सर्वांत जास्त आणि उत्सर्जन सर्वांत तेजस्वी, तेथेच ध्रुवणाची टक्केवारी एकदम खाली येते. प्लँकला विरळ भागात जास्तीत जास्त २० टक्क्यांच्या आसपास ध्रुवण मिळाले, तर दाट गाभ्यांत ते एक-दोन टक्क्यांवर येते. मग गाभ्यातील क्षेत्राविषयी आपण जे बोलतो, ते खरे तर त्याच्या सालीविषयी असते का?

उत्तर: ठोसेघर, सातारा

ही शंका रास्त आहे. विकिरणाच्या पिळासाठी कणाच्या आकाराशी तुल्य तरंगलांबीचा प्रकाश लागतो. गाभ्याच्या आत दृश्य प्रकाश पोहोचत नाही, केवळ लांब तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश झिरपतो, आणि तो मोठ्या कणांनाच फिरवू शकतो. शिवाय दाट वायूच्या रेणूंच्या धडका कणांना विस्कळीत करतात. त्यामुळे आतल्या कणांची जुळवणी सैल होते आणि टक्केवारी घटते. दुसरे कारण निव्वळ भूमितीचे: एकाच शलाकेत वेगवेगळ्या दिशांचे क्षेत्र आले की ध्रुवण परस्परांना खोडते. ही दोन कारणे वेगळी करण्याचा मार्ग म्हणजे अधिक बारीक शलाका. चिलीतील आल्मा अ‍ॅरेने जवळून पाहिल्यावर काही ठिकाणी, जेथे एका दुर्बिणीला ध्रुवण हरवलेले वाटत होते तेथे, ते पुन्हा व्यवस्थित दिसते. त्या ठिकाणी दोष गुंतागुंतीच्या भूमितीचा होता. आत बालतारा पेटलेला असेल तर त्याचा स्वतःचा प्रकाश कणांना पुन्हा फिरवतो, म्हणून ताराविरहित थंड गाभे याबाबत सर्वांत अवघड.

सालीचा मुद्दा ताराविरहित गाभ्यांना बराच लागू आहे, इतरांना कमी.

उत्तर: जतचे आकाश

मी हौशी निरीक्षक आहे, शास्त्रज्ञ नव्हे. पावसाळा सोडला तर जत तालुक्यातील आकाश अजून बऱ्यापैकी काळे असते आणि आमच्या गटाकडे ८ इंची दुर्बीण व कॅमेरा आहे. ध्रुवण-गाळणी लावून ताऱ्यांचे ध्रुवण मोजण्याचा काही उपयोग होईल का, की हे केवळ मौना केआसारख्या ठिकाणचेच काम आहे?

उत्तर: कऱ्हाडकर, सध्या बंगळुरू

दादा, दोन गोष्टी वेगळ्या करू. धुळीचे उपमिलिमीटर उत्सर्जन हवेतील बाष्प शोषून टाकते, म्हणून मौना केआची ४,०९२ मीटर किंवा आल्माची ५,००० मीटर उंची लागते. महाबळेश्वर १,३५० मीटरवर आहे आणि तेथील बाष्पाविषयी आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. ताऱ्यांच्या दृश्य प्रकाशाचे ध्रुवण मात्र आपल्या देशात वर्षानुवर्षे मोजले जाते. नैनीतालच्या १०४ सेंटिमीटर संपूर्णानंद दुर्बिणीवर त्यासाठी ध्रुवणमापक आहे, पुण्याच्या आयुकाच्या गिरवली येथील २ मीटर दुर्बिणीवरही अशी सोय आहे, आणि विस्तृत क्षेत्राच्या ध्रुवण-सर्वेक्षणासाठी वॉलॉप हे उपकरण आयुकातच विकसित झाले. तुमच्या ८ इंची दुर्बिणीची अडचण अशी की ताऱ्याचे आंतरतारकीय ध्रुवण बहुतेक वेळा एक-दोन टक्क्यांच्या घरात असते, आणि एकामागून एक छायाचित्रे घेताना हवेची पारदर्शकता त्याहून जास्त बदलते. व्यावसायिक उपकरणे प्रकाशाचे दोन लंब घटक एकाच वेळी टिपतात, त्यामुळे हवेचा परिणाम दोन्हींवर सारखा होऊन कटतो. तशी दुहेरी मांडणी केलीत तर प्रयत्न अवश्य करावा. एका साध्या गाळणीवर भिस्त ठेवू नये.

ययाति, सांगलीत बसून करण्याजोगे काम तुमच्यासाठी तयार आहे. प्लँकचे ३५३ गिगाहर्ट्झचे तीव्रता आणि ध्रुवण यांचे नकाशे युरोपीय अंतराळ संस्थेच्या संग्रहातून कोणालाही विनामूल्य घेता येतात आणि पायथनमधील हीलपाय व अ‍ॅस्ट्रोपाय या संचांनी ते साध्या लॅपटॉपवर उघडतात. वृषभ राशीतील आण्विक मेघ घ्या. तो सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर, म्हणजे आपल्या शेजारी आहे. प्लँकची सुमारे ५ कलांची शलाका तेथे जवळपास ०.७ प्रकाशवर्ष भरते. एकेक गाभा त्यात सुटा होणार नाही, परंतु तंतू आणि क्षेत्र यांचे नाते दिसेल.

चार ठिकाणी नवखा हमखास अडकतो. कोनांची थेट सरासरी कधीही काढू नये: १७९ अंश आणि १ अंश यांची सरासरी ९० नव्हे, शून्य आहे. म्हणून आधी क्यू आणि यू या, ध्रुवणाचे प्रमाण व दिशा सांगणाऱ्या, स्टोक्स घटकांची सरासरी काढावी आणि मगच कोन. दुसरे, ध्रुवित तीव्रता ही दोन घटकांच्या वर्गांच्या बेरजेचे मूळ असल्याने गोंगाटसुद्धा तिच्यात नेहमी धनच भरतो. विरळ भागात टक्केवारी खोटी वाढते, ती त्रुटीचा वर्ग वजा करून सुधारावी लागते. ध्रुवित तीव्रता त्रुटीच्या तिप्पट असेल, तर कोनातील अनिश्चितता साडेनऊ अंशांच्या आसपास असते. त्याखालचे बिंदू सोडून द्यावेत. तिसरे, प्लँकचे नकाशे आकाशगंगेच्या निर्देशांकांत आहेत. ते विषुववृत्तीय निर्देशांकांत नेताना केवळ बिंदू हलवून भागत नाही, उत्तर दिशाच बदलत असल्याने कोनही बदलतो.

चौथे सर्वांत घातक आहे. प्लँकच्या नकाशांत यू घटकाचे चिन्ह आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या संकेताच्या उलट आहे, कारण विश्वविज्ञानातील लोक कोन उत्तरेकडून पश्चिमेकडे मोजतात आणि खगोलशास्त्रज्ञ उत्तरेकडून पूर्वेकडे. चिन्ह न बदलता काढलेला नकाशा पाहायला अगदी सुबक दिसतो, गणितात कुठेही अडत नाही आणि पूर्णपणे चुकीचा असतो. तो पकडण्याची पद्धत तुमच्या पहिल्याच प्रश्नात आहे. वृषभ मेघामागील ताऱ्यांची दृश्य ध्रुवण-मोजमापे प्रकाशित आहेत. गाया उपग्रहाच्या अंतरांवरून मेघाच्या खरोखर मागे असलेले तारे निवडा आणि त्याच जागेवरील प्लँकच्या कोनांशी त्यांची तुलना करा. दोन्हींतील फरकांचा आलेख ९० अंशांभोवती गोळा झाला तर चिन्ह, निर्देशांक आणि फिरवणे हे तिन्ही बरोबर आहेत. तो पसरला, तर तंतूंचे किंवा तीव्रतेचे कोणतेही गणित सुरू करण्याआधी तिथेच थांबून चूक शोधा.